भांडणाचा मटार

भांडण वाया जाऊ द्यायचं नाही, हे आमच्या साहेबांइतकं कुणालाच जमलेलं मी पाहिलं नाही. लोक भांडण मिटवतात, दाबून टाकतात, उद्यावर ढकलतात, फार तर वरच्या माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवतात आणि हात झटकून मोकळे होतात. आमचे साहेब भांडणाची भाजी करत. हे मी सजवून सांगत नाही. मानेसरच्या आमच्या कारखान्यात मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवली जातात. तिथल्या कॅन्टीनच्या पुलावात हिवाळ्यात मटार किती पडायचा, हे त्या दिवशी किती जण भांडले यावर ठरायचं. ताटात नुसताच भात आणि कुठंतरी हरवल्यासारखा एखादा हिरवा दाणा दिसला, की समजायचं आज सगळं शांत आहे. आणि भातच दिसेनासा झाला, की रांगेतला प्रत्येक जण मागं वळून आधी विचारायचा, "आज कौन लड़ा?"

त्यांची पद्धत अशी होती. दोन माणसं तावातावानं केबिनच्या दारात आली, की साहेब काहीही न विचारता खुर्चीतून उठत, टेबलाखालची कापडी पिशवी उचलत आणि चालू लागत. दोघांना मागं जावंच लागे. कॅन्टीनच्या मागच्या भिंतीला लागून सिमेंटचा एक ओटा होता. दिल्लीकडच्या हिवाळ्यात ऊन ही फार मोलाची चीज, माणसं स्टूल घेऊन त्याच्या मागं मागं सरकत असतात, आणि आख्ख्या कारखान्यात ते ऊन धडपणे पडायचं ते त्या एका ओट्यावर. तिथं दोघांच्या मध्ये साहेब मटार ओतत, कॅन्टीनची मोठी परात ठेवत आणि सोलायला लावत. सोलताना नियम एकच. आपली बाजू मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. आणि समोरचा 'हो, असंच आहे' म्हणेपर्यंत मांडत राहायची. सोलताना दाणे खायचे नाहीत असाही एक नियम होता, पण तो मोडणारे साहेब एकटेच.

ऐकायला हे सोपं वाटतं. करून पाहिल्याशिवाय कळत नाही की समोरच्याची बाजू तोंडातून काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं आहे. कटिंगच्या खात्यातला एक गडी तिथं बसून म्हणाला, "सर, इसका कहना है कि मैं गधा हूँ." साहेब शांतपणे म्हणाले, "ठीक है. क्यों लगता है इसे ऐसा?" गडी शेंगेमागून शेंग सोलत गेला, मान खाली. पिशवी निम्मी झाल्यावर पुटपुटला की मी मशीन साफ न करता शिफ्ट सोडतो, म्हणून असेल. समोरच्यानं लगेच मान डोलावली आणि वर म्हणाला, "गधा नहीं बोला था, खच्चर बोला था." त्या दिवशीचा पुलाव इतका हिरवा होता की आचारी स्वतः रांगेत उभा राहून सगळ्यांची तोंडं बघत होता. हा आचारी गढवालचा. रोज सकाळी चहा घेऊन केबिनमध्ये जायचा आणि अदबीनं विचारायचा, "सर, आज कुछ उम्मीद है?"

काही जण नुसत्या उन्हासाठी भांडायचे हेही सांगून टाकते. पॅकिंगमधल्या दोन मित्रांचं तर धुकं सरून पहिलं ऊन पडलं की हटकून बिनसायचं. साहेबांना ते कळायचं. ते त्या दोघांसाठी निबर, किडक्या शेंगांची वेगळी पिशवी ठेवत. आणि उन्हाळ्यात मटार नसतो म्हणून लसूण. लसणाच्या भांडणाला सगळे घाबरायचे, कारण हात कितीही धुतले तरी वास जात नाही. मी एकदा लसणावर बसून घरी गेले, तर नवऱ्यानं दारातच नाक वर करून विचारलं, "आज कुणाशी?"

साहेब राहायचे मयूर विहारला. तिथून मेट्रो, मग कंपनीची बस, असा उलटा-पालटा प्रवास करून रोज आमच्या आधी हजर. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, अंगात आईनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, आणि कानांवरून हनुवटीखाली गाठ मारलेला मफलर. लांबून पाहिलं तर कुणीतरी पार्सल बांधून धाडल्यासारखे दिसत. मटाराची पिशवी ते घराजवळच्या बाजारातून आणायचे आणि ती मेट्रोच्या तपासणीच्या यंत्रातून रोज जायची. तिथला शिपाई म्हणे पडद्यावर शेंगांचा ढीग बघून विचारायचा, "सर, आज ज़्यादा हैं, कोई बड़ा मामला?" हे साहेबांनीच मला सांगितलं. खरं असेल किंवा नसेल, पण मानेसरच्या चौकातला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका संध्याकाळी परतताना आमच्या बसला एक शेअर ऑटो घासली आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या गळपट्ट्याला झोंबले. मागं गाड्यांची रांग, हॉर्नांचा कहर. साहेब खाली उतरले आणि दोघांच्या ओंजळीत पिशवीतल्या उरलेल्या शेंगा ओतल्या. हात भरलेले असताना माणसाला दुसऱ्याची कॉलर धरता येत नाही. दोघं भांबावून एकदा ओंजळीकडे आणि एकदा साहेबांकडे बघत राहिले. बस सुटली तेव्हा ऑटोवाला शेंगा खात होता आणि आमचा ड्रायव्हर वाटभर म्हणत होता, "आदमी बुरा नहीं था."

मी नववीतून शाळा सोडलेली. लग्न होऊन बार्शीहून मानेसरला आले, तेव्हा मला हिंदी येत होतं ते टीव्हीवरचं. नवरा सुट्या भागांच्या कारखान्यात, मी ठेकेदाराकडून इथं शिलाई मशीनवर. माझा स्वभाव आधीच घाबरट. ठेक्यावर असलेल्याला तर काढायला कारणसुद्धा लागत नाही, गेटवर पास चालला नाही की समजायचं. त्यामुळे कुणी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी मला वाटायचं, संपलं. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं सांगितलं, 'संतोष के पास बैठो, वो सिखाएगी.' मला ते 'सिखाएगी' ऐकूच आलं नसावं. आमच्याकडे संतोष म्हणजे माझा मामेभाऊ. मी पदर सारखा करून, स्टूल चांगलं हातभर लांब ओढून, संतोष नावाच्या पुरुषाची वाट बघत बसले. शेजारच्या मशीनवरची धिप्पाड बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "आ ज्या, खाऊँ कोनी तन्ने." म्हणजे ये, खात नाही तुला. ही संतोष. हरियाणाची, कारखान्यात माझ्या कितीतरी आधीपासूनची, पक्क्या नोकरीतली, आणि बोलायला लागली की मशीनचा आवाज ऐकू येणार नाही अशी.

साहेब मराठी आहेत हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एका सकाळी सुपरवायझर येऊन म्हणाला, 'महाराष्ट्र, सर बुला रहे हैं.' लाइनवर मला नावानं कुणी हाक मारायचं नाही, जो जिथून आला तेच त्याचं नाव. मी केबिनमध्ये गेले तर साहेबांनी उठून दार लावलं. ते दार लावलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात खोलीतलं सामान बांधायला घेतलं, आधी भांडी, मग गाद्या. साहेब पेपरवेट फिरवत बसले होते. मग इकडे-तिकडे बघून हळूच मराठीत म्हणाले, "ताई, उलथनं म्हणजे एक्झॅक्टली काय?"

मला तोंडानं सांगता येईना. मी हातानंच तव्यावरची पोळी उलटून दाखवली.

"अच्छा, पलटा," साहेब म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "काल आईनं मागितलं. मी किचनमधलं सगळं नेऊन दाखवलं यार, कुकरसुद्धा."

साहेबांचा जन्म दिल्लीचा. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बालपण लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरात. मराठी बोलायचे छान, पण त्यातले कितीतरी शब्द वाटेत गळून पडलेले. आई मात्र म्हातारपणी सगळे जुने शब्द बाहेर काढायला लागली होती. त्यानंतर अधूनमधून मला बोलावणं यायचं. कधी फडताळ, कधी चुंभळ, कधी विळी. दार बंद. बाहेर लाइनवर सगळ्यांची खात्री झाली की महाराष्ट्र साहेबांना आतल्या बातम्या देते. संतोष तर मला बाजूला घेऊन म्हणाली, की माझ्याबद्दल काही सांगणार असशील तर निदान खरं सांग.

अशाच एका दिवशी त्यांनी मटाराची गोष्ट सांगितली. क्वार्टरात त्यांच्या शेजारी एक तमिळ कुटुंब होतं. त्यांची आई आणि शेजारच्या बाई मोरीच्या पाण्यावरून भांडायच्या, पण हिला तमिळ येईना, तिला मराठी येईना, आणि हिंदी दोघींचंही कच्चं. ऊन पडायचं ते दोघींच्या सामाईक अंगणात एकाच कोपऱ्यात. तिथंच बसून दोघी रागारागानं आपापला मटार सोलायच्या. राग असा बोलता न आल्यामुळे बोटांतून उतरून जायचा. "मी लहान होतो," साहेब म्हणाले, "पण मला तेव्हाच कळलं, की माणूस आपली बाजू सांगायला लागला की बिघडतं."

याउलट आमच्या पलीकडच्या लाइनचे साहेब. त्यांचा आवाज ट्रकच्या हॉर्नला मागं टाकायचा. चुकीचं कव्हर दिसलं की शिवणाऱ्याच्या अंगावर फेकायचे आणि सगळ्यांसमोर त्याच्या खानदानाची चौकशी करायचे. त्यांच्या लाइनवर कधी चूक सापडायची नाही. सगळे म्हणायचे काय शिस्त आहे. आणि वर्षाच्या अखेरीला मशीनं हलवली की त्यांच्या खालून, कोपऱ्यांतून, पत्र्याच्या मागून बिघडलेली कव्हरं निघायची, घुशीनं साठवल्यासारखी. आमच्या लाइनवर चुका खंडीभर सापडत, कारण लोक स्वतःच आणून दाखवत. फार तर काय होणार, मटार सोलावा लागणार. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांना मात्र आमची लाइन ढिली वाटायची, आणि दिसायला ती तशीच होती.

आता मुख्य गोष्टीकडे येते. संतोषचं मशीन शटरला लागून होतं. ट्रक आला की शटर वर जायचं आणि जानेवारीचं वारं सरळ तिच्या मानेत शिरायचं. माझं मशीन आत, उबेला. एक दिवस तिनं फर्मान काढलं की आजपासून तू इथं बस. मी नाही म्हणाले. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं नाही कधीच म्हणाले नव्हते, माझं मलाच नवल वाटलं. गेलो ओट्यावर. सोलला मटार. साहेबांनी तोडगा काढला की एक आठवडा ती शटरपाशी, एक आठवडा मी, आणि दोघींना दोन्ही मशीनं शिकवून घेतली. ठरलं ते तोंडी. साहेब असल्या गोष्टी कागदावर आणत नसत. म्हणायचे, लिहिलं की भांडण पक्कं होतं.

शटरजवळच्या मशीनवर सीटच्या बाजूची एक खास शिवण मारायची असे. तिच्या आत हवेची पिशवी असते. गाडीला ठोकर बसली की ती फुगते आणि शिवण उसवून बाहेर येते. म्हणून तिथं मुद्दाम कच्चा दोरा वापरतात. तिथं पक्का दोरा पडला तर वेळेला शिवण उसवणार नाही आणि आतला माणूस... पुढचं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. दोन्ही दोरे काळेच. फरक फक्त रिळाच्या आतल्या नळीच्या रंगात, आणि भरल्या रिळाची नळी कुठं दिसते? आता त्या मशीनला कुलूपबिलूप आहे, तेव्हा नव्हतं.

आणि एका सकाळी, एका गठ्ठ्यात पक्का दोरा सापडला. नशिबानं माल अजून गोदामातच होता. कव्हरांवर मशीनचा नंबर होता, शटरजवळच्या मशीनचा. पण तो गठ्ठा शिवला तेव्हा तिथं बसलं कोण होतं? ठरलेला आठवडा संतोषचा. पण मध्येच तिला खोकला झाला होता आणि मी तिच्या जागी जाऊन बसले होते. कधीपासून कधीपर्यंत, ते कुणालाच आठवेना. मोठ्या साहेबांचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे. ज्याचं नाव, तो बाहेर. माझ्या नवऱ्याला त्याच्या ठेकेदारानं तेव्हा ब्रेक दिलेला, म्हणजे घरी बसवलेला. खोलीत येणारा पगार माझा एकटीचा. माझं नाव गेलं, तर आमचं मानेसर संपलं.

मग काय, मी ओरडले. संतोष माझ्याहून मोठ्यानं ओरडली. तिनं मला काय म्हटलं ते हरियाणवीत होतं म्हणून बरं, आणि मी तिला जे म्हटलं ते बार्शीकडचं होतं म्हणून बरं. पलीकडच्या लाइनचे साहेबसुद्धा ऐकायला थांबले. आमचे साहेब आले. हातात पिशवी होतीच.

त्या दिवशी ओट्यावर ऊन होतं पण अंगाला लागत नव्हतं. साहेबांनी परात ठेवली. आणि त्यांनी एकही दाणा तोंडात टाकला नाही, त्यावरून मी काय ते ओळखलं.

"संतोष जी, पहले आप," ते म्हणाले. "इसकी तरफ से."

संतोषनं शेंगा पुढ्यात ओढल्या. तिच्या बोटांत शेंगा फटाफट फुटत होत्या. मग खाली मान घालून म्हणाली, "सर, इसका घरवाला घर बैठा है. डिब्बे में रोटी कम और अचार ज़्यादा लाती है, मैं रोज़ देखती हूँ. नौकरी गई तो ये सीधी गाँव जाएगी." एक शेंग परातीत रिकामी केली. "और मुझे खाँसी थी तो बिना कहे शटर पे जा बैठी थी. मैंने थैंक्यू भी नहीं बोला."

माझ्या डब्यातलं लोणचं ती बघत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी मान डोलावली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मोडक्या हिंदीत मी सांगितलं, की मी यायच्या आधीचे सगळे हिवाळे ही एकटी शटरपाशी बसली. तेव्हा कुणी तिला म्हटलं नाही की ऊठ, मी बसते. म्हणून ती मला हुकूम करत होती. खरं तर विनवायचं होतं, पण तिला विनवता येत नाही. आणि मुलीचं कॉलेज तिच्या एकटीच्या पगारावर आहे, डाग लागला तर तिचंही तितकंच जाणार आहे. संतोषनं ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "हाँ, योए बात सै." म्हणजे हो, असंच आहे.

साहेबांनी मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की जागा बदलताना काय-काय नेता? आम्ही म्हणालो, टोपली. प्रत्येकीची आपली टोपली असते. त्यात कात्री, फणी, गोळ्या, आणि आपलं चालू रीळ. दुसरीच्या रिळाचा गुंता कोण सोडवत बसणार, म्हणून जिथं आपण तिथं आपला दोरा, ही आमची सगळ्या बायकांची जुनी रीत. शटरपाशी कच्चा दोरा, आत पक्का, म्हणून मशीन बदललं की रीळ बदलायचं हे दोघींना माहीत होतं आणि दोघी बदलतही होतो. पण टोपली हातातच असायची. एखाद्या वेळी, खोकल्यात, घाईत...

साहेबांच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. "म्हणजे जागा मी बदलल्या," ते मराठीत, स्वतःशीच म्हणाले, "आणि टोपलीचा विचारच केला नाही."

यावर गंमत अशी झाली की भांडण उलटं सुरू झालं. संतोष म्हणाली, गलती मेरी ही होगी. मी म्हणाले, नाही, मीच असणार, मला घाई असते. ती म्हणाली, तू चुप रह, मैं पक्की हूँ, मन्ने कौन निकालेगा. मी म्हणाले, मगाशी तर मला खायला उठली होतीस. आवाज पुन्हा चढले. साहेब उठले, पँटवरची टरफलं झटकली आणि म्हणाले, "हे भांडण मी घेत नाही. मटार संपला."

ते जिना चढून वर गेले. जिन्याच्या काचेतून मोठ्या साहेबांचे हात हलताना दिसत होते, आमच्या साहेबांचा नुसता मफलर दिसत होता. बऱ्याच वेळानं खाली आले. संतोषनं विचारलं, "सर, नाम दे दिया?"

"दे दिया," साहेब म्हणाले. "जिसने जगह बदली, उसका."

दुसऱ्या दिवशी गठ्ठाच्या गठ्ठा उसवायला बसलो, सगळी लाइन, आणि सगळ्यांत मध्ये स्टुलावर साहेब. शिवण उसवण्यात ते इतके वाईट होते की त्यांनी उसवलेली कव्हरं आम्हाला चोरून नीट करावी लागली. माझा पास गेटवर चालत राहिला. रोज सकाळी तो टुंग वाजला की मी मनात हात जोडायची. साहेबांना बाहेर काढलं नाही, पण वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी एक खुर्ची ठरलेली होती म्हणे. त्या वर्षी तिच्यावर पलीकडच्या लाइनचे ओरडणारे साहेब जाऊन बसले. संतोषला राहवलं नाही, तिनं विचारलंच की सर, तुम्हाला वाईट नाही वाटलं? साहेब दाणा तोंडात टाकत म्हणाले, "ऊपर धूप नहीं आती." एवढंच. पण त्यानंतर जागा बदलायचं काही ठरलं की ते कागद मागवायला लागले. लिहिताना फार अवघडल्यासारखे दिसायचे.

मग ते निवृत्त झाले. केक कापला, शाल दिली. आचाऱ्यानं मात्र कॅन्टीनची ती मोठी परात स्वतःच्या जबाबदारीवर त्यांच्या हातात ठेवली. मेट्रोच्या त्या शिपायानं तिच्याकडे कसं पाहिलं असेल, याचा विचार करून आम्ही बसभर हसलो. मयूर विहारपर्यंत ती परात छातीशी धरून नेणारे साहेब डोळ्यांपुढं आले आणि मग हसू थांबलं.

नवीन साहेब चांगले आहेत. खोटं कशाला बोलू? आवाज चढवत नाहीत, सगळ्यांना जी म्हणतात. तक्रार असेल तर ती फोनवर भरायची, मग दोघांना काचेच्या खोलीत वेगवेगळं बोलावतात, वेगवेगळं ऐकून घेतात आणि काही दिवसांनी मेसेज येतो की तुमची तक्रार बंद झाली आहे. खरंच बंद होते. भांडणारे दोघं एकमेकांसमोर येतच नाहीत, आणि नंतरही येत नाहीत. लाइनवर हल्ली भांडणं जवळजवळ नाहीतच. बोलणंही तसं कमीच. कॅन्टीनमध्ये आता बर्फातला मटार येतो, बाराही महिने, ताटात रोज सारखा. रांगेत कुणी मागं वळून काही विचारत नाही. आचारी म्हणतो, काम कम हो गया, आणि तोंड पाडतो.

गेल्या हिवाळ्यात संतोष म्हणाली, चल, सरांना भेटून येऊ. मी म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जायचं? मिठाई त्यांना चालत नाही, फुलं नेणं आम्हाला जमायचं नाही. विचार करून संतोष म्हणाली, "झगड़ा ले चलते हैं." मला ते एकदम पटलं. रविवारी निघालो. मेट्रोच्या बायकांच्या डब्यात उभं राहून तालीम केली. मी शटरचा विषय काढायचा, तिनं माझ्या टोपलीवर यायचं, मग दोघींनी चढत जायचं. तालीम इतकी रंगली की सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला दटावलं आणि पुढच्या स्टेशनला उतरताना आमचे हात एकमेकींच्या हातात देऊन गेल्या.

साहेबांचं घर तिसऱ्या मजल्यावर. वाळले आहेत थोडे. मफलर तोच. आई गेल्याचं आम्हाला फोनवर कळलं होतं. साहेब म्हणाले, आता घरात सगळे शब्द मला समजतात. हसूनच म्हणाले ते. मग संतोषनं डोळ्यांनी खुणावलं आणि आम्ही सुरू झालो. मी शटर काढलं, तिनं टोपली. साहेब ताठ बसले. त्यांचा चेहरा असा उजळत गेला, की आम्ही दोघी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त भांडलो, दोन-चार गोष्टी तर खऱ्याच निघाल्या. ते उठले, आतून परात आणली, पिशवी आणली, आणि बाल्कनीतल्या उन्हात चटई टाकली.

"संतोष जी," ते म्हणाले, "इसकी तरफ से."

इथं आमची पंचाईत झाली. एवढ्या पुढची तालीम आम्ही केलीच नव्हती. संतोष शेंगेमागून शेंग सोलत राहिली. मग म्हणाली, "सर, इसकी तरफ से तो बस ये है, कि आपके बिना वहाँ जी नहीं लगता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "साहेब, तिचंही तेच म्हणणं आहे."

"मग भांडण कशावर आहे?"

आम्ही दोघींनी एकेक शेंग उचलली. साहेब चष्मा पुसत बसले. मग त्यांनीही एक शेंग उचलली. तिघं सोलत बसलो. खाली कुठंतरी भाजीवाला ओरडत होता. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. परातीकडे बघून दारातच थबकल्या. कारखान्यातली ही रीत त्या इतकी वर्षं रोज संध्याकाळी ऐकत आल्या असणार.

"अरे, एवढा मटार," त्या म्हणाल्या. "कोण भांडलं आज?"

साहेबांनी एक दाणा तोंडात टाकला.

"कोणी नाही गं," ते म्हणाले. "हल्ली कोणी भांडतच नाही."

ऊन जरा सरकलं होतं. आम्ही परात थोडी पुढं ओढली.